पोतोसीच्या संडासातला डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मी संडासात राहतो. शी म्हणालात ना? म्हणा, मला सवय आहे. पण नाक धरून का होईना, ऐका. परदेशात फिरायला जाणार असाल तर जास्तच ऐका.

माझा जन्म बोलिव्हियातल्या पोतोसी गावचा. उंचच उंच डोंगरावरचं गाव, थंडी मरणाची, चार पायऱ्या चढलं की धाप. पत्र्याची कामं करणाऱ्या सेनोबियोने तेलाच्या डब्यातून मला कापलं, ठोकून गोल केलं, झाकण बसवलं, निळा रंग मारला. मला वाटलं, आता माझ्यात साखर भरतील. नाहीतर मक्याचं पीठ. एपिफानियाबाईने मला बाजारातून घरी आणलं आणि थेट कमोडच्या शेजारी ठेवलं. झालं. संपली साखर.

एपिफानिया वरच्या मजल्याच्या खोल्या प्रवाशांना देते. इथले पाइप जुने, मातीचे, बारीक. त्यात कागद गेला की तुंबलंच. म्हणून इथे पुसलेला कागद कमोडमध्ये नाही टाकत, डब्यात टाकतात. म्हणजे माझ्यात. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. रोज सकाळी एपिफानियाची मुलगी निल्दा पिशवी बदलायची, मला घासायची आणि म्हणायची, “चल निळू, चमक आता.” तेवढंच काय ते माझं कौतुक.

कोपऱ्यात बसून मी प्रवाशांचं काय काय ऐकलंय! आल्या आल्या हावरटासारखे कालापुर्का हाणतात. कालापुर्का म्हणजे मक्याचं दाट सूप, त्यात तापलेला दगड टाकतात, मग ते वाडग्यात बुडबुडत राहतं. एवढ्या उंचीवर पोट पचवायचंच विसरतं. थोड्या वेळाने तेच बुडबुडे माझ्या शेजारी. याक! पहिल्या दिवशी पडून राहा रे. थोडं खा, कोकाच्या पानांचा चहा प्या. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासतानाही नको. शॉवरच्या तोंडाशीच विजेची तार असते, ओला हात लावू नका. एक जण नागडा, ओरडत जिन्यातून पळाला होता. आणि दुकानात शिरलात तर आधी नमस्कार करा, मग भाव विचारा. न बोलता वस्तू चिवडणारे बघितले की इथल्या बायका तोंड फिरवतात.

मग ग्रेगोर आला. तेव्हा वरच्या मजल्यावर तो एकटाच पाहुणा. युरोपातला, लांबडा, खिशात हात पुसायच्या औषधाची बाटली. कमोडच्या वर भिंतीवर चित्र आहे: कागद, बाण, डबा. त्याने त्या चित्रावर टॉवेल वाळत टाकला. मग माझं झाकण दोन बोटांनी उचललं. मी नुकताच घासलेला, आत काही म्हणजे काही नव्हतं. तरी त्याने तोंड वाकडं केलं आणि बुटाच्या टोकाने ढकलत ढकलत मला गॅलरीत नेऊन सोडलं. आणि कागद? सगळा कमोडमध्ये. गठ्ठ्याने! वरून पाणी सोडलं की झाला हा स्वच्छ. मित्रांनो, मला घाणीची किळस येत नाही. असल्या स्वच्छ माणसांची येते.

त्याच आठवड्यात एपिफानियाच्या आयुष्यातला मोठा दिवस होता. आमच्या गल्लीत मारियामातेची मूर्ती आहे. ती दर वर्षी एका घरी जाते आणि पुढची जत्रा येईपर्यंत तिथेच राहते. ज्या घरी माताबाई येणार, तिथे बँड, नाच, अख्ख्या गल्लीला जेवण. आपल्या घराची पाळी यायची वाट बघता बघता एपिफानियाच्या वेण्या पांढऱ्या झाल्या होत्या. सध्या मूर्ती होती तिच्या नणंदेकडे, बास्त्यानाकडे. ती बाई घर बघायला म्हणून आली.

“जमेल ना वहिनी? नाही, भाडेकरूंची ये-जा तुमच्याकडे. माताबाईला शांतता लागते.”

“वन्सं, वर्षभर तुमचं घोरणं ऐकलंय तिने. इथे झोप तरी लागेल बिचारीला.”

इथवर सगळं ठीक होतं. पण निल्दा रोज मला बघायची आणि गोंधळायची. मी गॅलरीत दिसलो की तिला वाटायचं, पाहुण्याने घासायला बाहेर ठेवलाय. ती मला परत आत ठेवायची, तो परत बाहेर काढायचा.

“आई, लांबड्याचा डबा आज पण कोरडा.”

“आज पण? आल्यापासून?”

“आल्यापासून. आणि खातो बघ केवढं! मिरवणुकीत फुटणार हा.”

“गप गं. उंचीने कोंडलं असेल बिचाऱ्याचं. पाहुणा आहे आपला.”

आणि त्या माउलीने काय करावं? पोट साफ व्हायला सोनामुखीची पानं उकळली. मोठा पेलाभर काढा! जत्रेच्या दिवशी सकाळी स्वतः वर आणून दिला. “घ्या सेन्योर, पोटाला बरं.” त्याला वाटलं इथला खास चहा. त्याने पेल्याचा फोटो काढला, सगळं प्यायला, वर अजून मागितलं.

आता मात्र नाक घट्ट धरा. तो धावत आत, पळत बाहेर, परत आत. दर वेळी गठ्ठा. खाली अंगणात मोठमोठी पातेली चुलीवर, बायका कांदे चिरतायत, दारापासून फुलं अंथरलेली. आणि मधोमध गटाराच्या चेंबरचं झाकण हललं. आधी वास आला. मग तपकिरी पाणी फरशीभर पसरलं, त्यावर पांढरे लगदे तरंगत होते. फुलं त्यात पोहायला लागली. बायका पदार्थ झाकत, किंचाळत जिन्यावर चढल्या.

एपिफानियाने नवा घोळदार घागरा कमरेला खोचला, खाली बसली आणि खांद्यापर्यंत हात चेंबरमध्ये घातला. निल्दा सळईने ढोसत होती. कागद निघत होता. कागदच कागद.

“आई... त्याचा डबा कोरडा होता.”

दोघींनी एकदम वर बघितलं. मी गॅलरीत, रिकामा, चकचकीत. एपिफानियाने परत चेंबरमध्ये हात घातला.

तेवढ्यात बँड दारात आला. पुढे बास्त्याना, मूर्ती घेऊन. मला वाटलं, आता ही टोचून बोलणार. पण तिचा चेहरा पडला.

“वहिनी, माताबाईला ह्यातून आत कशी आणू हो?”

एपिफानियाने हातातला लगदा खाली टाकला. “नका आणू, वन्सं. तुमच्याकडेच न्या.”

मिरवणूक वळली. आणि वरच्या गॅलरीत, माझ्या शेजारी उभा राहून, तो लांबडा बँडचे फोटो काढत होता. थू!

“ए लांबड्या!” निल्दा खालून ओरडली. “फोटो कसले काढतोस? खाली ये! बघ तुझं काय काय वर आलंय!”

तो खाली आला. पाणी बघून जिन्यातच थांबला. “मला माहीत नव्हतं.”

“भिंतीवर चित्र आहे.”

“तिथे टॉवेल होता.”

“टॉवेल कुणाचा?”



त्या दिवशीचं जेवण कुणी शिवलं नाही. पातेलीच्या पातेली ओतून दिली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी घंटा वाजवत आली, तेव्हा निल्दाने उपसलेला सगळा कागद माझ्यात कोंबला आणि मला ग्रेगोरच्या हातात दिलं. मी जड झालो होतो, त्याला मला पोटाशी धरावं लागलं. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. तो ओकारी दाबत चालत होता. त्याने मला टाकलं मात्र नाही. रिकामा करून परत आणलं, नळाखाली धरलं आणि कमोडच्या शेजारी नीट ठेवलं. तेवढं त्याचं मानतो मी.

पण त्याने माताबाई परत आली नाही. आता रविवारी एपिफानिया मेणबत्ती घेऊन नणंदेच्या घरी जाते. दार वाजवते आणि कुणी उघडेपर्यंत रस्त्यावर उभी राहते.

मित्रांनो, तुमच्या मुक्कामानंतरही ते घर कुणाचं तरी घर असतं. तिथे माझ्यासारखा डबा दिसला तर खुशाल नाक मुरडा. पण झाकण उचला.