उजव्या कानासाठी

ताईचं पत्र आलं तेव्हा उन्हाळा नुकताच लागला होता. मी त्याला उत्तर दिलं नाही. खरं तर पत्र आलं की उत्तर लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, आणि निवृत्त झाल्यावर विमा कंपनीच्या छापील शुभेच्छांनासुद्धा पोच पाठवत आलो. पण ताईचं पत्र टेबलाच्या खणात पडून राहिलं. रोज ते बाहेर काढायचो, वाचायचो, परत ठेवायचो.

जेमतेम पाऊण पानाचं पत्र. डावा कान केव्हाच गेला, आता उजवाही चाललाय, डॉक्टर म्हणतात थंडीपर्यंत टिकला तर नशीब. फोनवर नुसती खरखर येते म्हणून लिहितेय. आणि मग खाली: "बाबांचं शिडीचं गाणं आता तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला येत नाही. मी म्हणते, पण माझंच मला धड ऐकू येत नाही. तू एकदा म्हणून मोबाइलवर टेप कर आणि तुझ्या भाच्याला पाठव. त्यानं हेडफोन आणलाय, मोठ्यानं लावला की उजव्या कानात शिरतं. कसंही म्हण. कान मिटायच्या आत एकदा ऐकायचंय."

बाबा रंगारी होते. लोकांच्या भिंती रंगवताना शिडीवर उभ्या उभ्या त्यांनी स्वतःच जुळवलेलं ते गाणं. 'शिडी माझी हलते गं, आभाळ काही हलत नाही' अशी सुरुवात, आणि पुढं चार कडवी, त्यांत एक गळकी बादली आणि खालून ओरडणारी घरमालकीण. आम्ही दोघं शिडी धरून उभे असायचो, म्हणून आम्हाला पाठ.

आता 'कसंही म्हण' म्हणणं ताईला सोपं होतं. मी नऊ वर्षांचा असताना हेच गाणं एकदा तिच्यासमोर मोठ्यानं म्हटलं होतं, आणि ती हसून हसून लोळली होती. "अरे, पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटतंय!" तिच्या हे लक्षातही नसेल. मी त्यानंतर कुणासमोर गायलो नाही. बायकोसमोरसुद्धा नाही. चाळीस वर्षं संसार करून ती गेली, पण मी गातो कसा हे तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, आधी आवाज सुधारायचा, मग टेप करायचं, आणि मग उत्तर लिहायचं.

वाचनालयातून आवाजाच्या साधनेवरची तीन पुस्तकं आणली आणि वहीत टिपणं काढली. श्वास छातीत नको, पोटात हवा. त्यासाठी जमिनीवर उताणं झोपून पोटावर जड पुस्तक ठेवायचं आणि ते वर-खाली होतंय का पाहायचं. मी शब्दकोश ठेवला. तो वर-खाली व्हायला लागला तसा मला फार आनंद झाला, पण गायला तोंड उघडलं की घसा आवळायचा. चौथ्या दिवशी शेजारीण दार वाजवून म्हणाली, "भाऊ, सगळं ठीक ना? आमच्या ह्यांना वाटलं तुम्ही पडलात आणि कण्हताय."

मग मी आवाजाचे धडे देणाऱ्या एका बाईंकडे गेलो. चष्म्याच्या दुकानाच्या वर त्यांची एक खोली होती, खिडकीजवळ एक पेटी आणि चार खुर्च्या. घसा बसलेल्या शिक्षिका, निवेदक, हौशी गाणारे असे लोक त्यांच्याकडे यायचे. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मी पत्राबद्दल सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणा."

मी पहिली ओळ म्हटली.

"काका, दातांत काय धरलंय?"

"काही नाही."

"मग सोडा की जबडा! कुणी हिसकावून घेणार नाहीये."

त्यांनी मला पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढत सूर धरायला लावला. ओठ फुरफुरवायला लावले. जांभई देता देता वरून खाली घसरत यायला लावलं. एकाहत्तराव्या वर्षी, समोर एक परकी बाई बसलेली असताना, मी घोड्यासारखा फुरफुरत होतो. लाज वाटायची, पण मंगळवार आणि शुक्रवार कधी चुकवला नाही. पावसाळा सुरू होईपर्यंत घसा मोकळा झाला. वरचा सूर पूर्वी फाटायचा, आता निदान टेकायचा.

"आज टेप करून पाठवा," बाई म्हणाल्या.

मी घरी येऊन टेप केलं. ऐकलं. दुसऱ्या कडव्यात श्वास ऐकू येत होता. पुसून टाकलं. पुन्हा केलं, तर 'बादली'वर सूर किंचित खाली. पुसलं. छापखान्यात आम्हा लोकांना एकच धाक असे, एकदा छापून गेलेली चूक परत घेता येत नाही. माझ्या हातून अंतिम प्रुफ कधी पहिल्या दिवशी गेलं नाही. ती सवय मला तिथं उपयोगी पडली होती. आठवड्यामागून आठवडे मी टेप करत होतो आणि पुसत होतो, आणि दर वेळी मनाशी म्हणत होतो, अजून थंडी लांब आहे.

एका शुक्रवारी बाईंनी विचारलं, "काय म्हणाल्या ताई?"

मी खाली पाहिलं.

"पाठवलंच नाही? काका, दोन महिने झाले!"

"तिसरं कडवं अजून नीट..."

"तिसऱ्या कडव्याला काय धाड भरलीय? त्यांनी गाणं मागितलंय की परीक्षेचा पेपर?" त्या पेटीचा भाता बंद करून उठल्या. "मी आता तुम्हाला शिकवणार नाही. पाठवा, मग या."

त्या रागावल्या होत्या, हे मला कळत होतं. तरी घरी येऊन मी पुन्हा तिसऱ्या कडव्यालाच बसलो. पुढच्या दोन आठवड्यांत ते जमलं. एका दुपारी चारही कडवी एका दमात म्हटली आणि ऐकताना मला एकही चूक सापडली नाही. आवाज म्हाताऱ्याचा होता, पण सरळ होता. मी ते पुसलं नाही. उद्या सकाळी ताज्या कानांनी एकदा ऐकायचं आणि पाठवायचं, असं ठरवलं.

सकाळी मी ते ऐकायच्या आत भाच्याचा फोन आला.

"मामा, आईला परवापासून काहीच ऐकू येत नाही. मधे सर्दी झाली होती, त्यातच गेलं."

"डॉक्टर?"

"आता हे असंच राहणार, म्हणाले. तुम्ही काही पाठवणार होता ना? ती विचारायची अधूनमधून."

मी त्याच क्षणी पाठवलं. का पाठवलं कोण जाणे. संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला. त्यानं हेडफोन लावून दिला होता, आवाज पार शेवटपर्यंत वाढवला होता. ताई खुर्चीत ताठ बसली, डोळे मिटले. गाणं संपत आलं तेव्हा तिनं डोळे उघडून त्याला विचारलं, "सुरू झालं का रे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मान हलवली. हो म्हणून. मग तीही मान डोलवायला लागली, मामा. चुकीच्या तालात."

"गाणं छान म्हटलंय तुम्ही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कागद घेऊन बसलो. लिहिलं की, ताई, तुझं पत्र उन्हाळ्यातच मिळालं होतं, वाटेत कुठं हरवलं नव्हतं. मी आजारीही नव्हतो. तू हसशील या भीतीनं मी सहा महिने आवाज नीट करत बसलो, आणि तुला वाट पाहायला लावली. तू मागितलंस त्या दिवशी मी जसा गायलो असतो तसंच गायला हवं होतं. काल तू मान डोलवलीस ती कुणासाठी, हे मला कळलंय. माझ्यासाठी तेवढंही करायला नको होतंस.

क्षमा हा शब्द दोनदा लिहिला आणि दोनदा खोडला. त्या शब्दानं मला बरं वाटलं असतं, तिला नव्हे.

टपालखिडकीवरच्या मुलीनं पाकीट काट्यावर टाकलं आणि विचारलं, "साधं की रजिस्टर, आजोबा?"

"साधं," मी म्हटलं. "किती दिवसांत पोचेल?"

"तीन-चार दिवस. घाईचं आहे का?"

"नाही," मी म्हणालो. तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.