कालचे बाहेर, आत्ताचे आत

फुंकरीनं दुखणं घालवणाऱ्या बाबांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध शिंपी उजव्या हातानं कात्री उघडमिट करून दाखवत होता. मघाशी कापड बेतताना हाच हात लुळा पडला होता, तोंडही वाकडं झालं होतं. शेजाऱ्यांनी उचलून आणलं, बाबांनी फुंकर घातली, हात उठला.

"आता डॉक्टरची पायरी चढलास तर दुखणं दुप्पट होऊन परतेल," बाबा म्हणाले. "माझ्या फुंकरीला गोळीची सवत चालत नाही."

लोक हसले. शिंप्याची थोरली बहीण हसली नाही. देवाची गाणी गाण्यात तिचा जन्म गेला होता. संशय देवावर नव्हता, त्याच्या नावानं दुकान मांडणाऱ्यावर होता. दारावरचा माणूस प्रत्येकाला विचारी, "कधी झालं?" आत्ताच म्हणणारा आत. कालपासून म्हणणाऱ्याला ठरलेलं उत्तर, "श्रद्धा कमी पडली."

"देवाला शिळं चालत नाही होय?" ती पुटपुटली.

घरी तिनं भावाचं मनगट धरलं. ताल धरण्यात मुरलेली बोटं ती. नाडी मध्येच ठोका गाळी, मग घाईनं दोन मारी. सम काही सापडेना.

"ताई, हात बरा झालाय. कशाला विषाची परीक्षा?"

"वाजवणारा बेताल झाला तर बदलता येतो. काळीज कुठून बदलू? चल मुकाट्यानं."

तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतोय. तिथं रक्त साचून गुठळी होते, निसटते, मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकते. तुमची लहान होती, आपोआप विरघळली. फुंकर नसती तरी हात उठलाच असता. पुढची तशी असेलच असं नाही. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, मनानं बंद करायची नाही."

"आणि गुठळी विरघळली नाही तर?" बहिणीनं विचारलं.

"लवकर आलात तर औषधानं विरघळवता येते, कधी नळी घालून ओढूनही काढता येते. उशीर झाला की आमचेही हात बांधलेले."

बहिणीला दारावरच्या प्रश्नाचा अर्थ लागला. दवाखाना ज्यांना वाचवू शकला असता, नेमकं त्यांनाच बाबा आत घेत होता. आपोआप उठले ते चमत्कार. न उठलेल्यांचं नाव कोण काढतो?

दुसऱ्या दिवशी भावंडं बाबाच्या दाराशी उभी राहिली. एक बाई वाकड्या तोंडाच्या नवऱ्याला सावरत आली.

"कधी झालं?" दारावरच्यानं विचारलं.

"आत्ताच, जेवताना."

"मग आत न्या."

शिंपी आडवा आला. "आत्ताच झालंय म्हणूनच आत नको, वहिनी. रिक्षा उभी आहे, दवाखान्यात चला."

"देवाच्या कामात आड येता?" आतून बाबा गरजला.

"देव दवाखान्यातही असतो, महाराज," बहीण म्हणाली. "औषध तेवढं तुमच्याकडे नसतं." बाईनं नवऱ्याला रिक्षाकडे वळवलं.

तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यातलं एकही अचानक दिसलं तर आधी दवाखाना गाठा. लगेच बरं वाटलं तरीही. प्रार्थना वाटेत करा. देव ऐकायला थांबतो, मेंदू थांबत नाही.