एकेचाळिसावं माप

मी शिलाई मशीन बोलतेय. धुळ्याच्या पाचव्या गल्लीत, पितांबर शिंपींच्या दुकानात, दाराच्या डाव्या हाताला मी उभी आहे. उभी आहे, एवढंच. पट्टा सैल झालाय, पाय दाबला की माझ्यातून कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि गेल्या दिवाळीपासून कुणी तेलाचा थेंब घातलेला नाही.

लुधियान्याला घडले, रेल्वेने जळगावला आले. तिथल्या निंबा शिंपींनी माझ्यावर बारा वर्षं सदरे आणि बंड्या शिवल्या, आणि मुलीचं, कमलबाईचं लग्न झालं तेव्हा मला तिच्याबरोबर धुळ्याला पाठवून दिलं. त्यांचा जावई पितांबर अबोल माणूस. ओठांत टाचण्या धरून काम करायचा, त्यामुळे त्याच्यावर बोलायची वेळच येत नसे. त्यांना एकच मुलगी झाली, मंजू. माझ्या पायाशी चिंध्यांत खेळूनच ती मोठी झाली.

मंजू पाचवीत होती, म्हणजे अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. शहराबाहेर एक सरकारी निवासी शाळा होती. सहावी ते दहावी राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट, आणि शिक्षक नावाजलेले. पण परीक्षा द्यायची आणि वर्षाला चाळीसच मुलं घ्यायची. त्यांतल्या सहा जागा आदिवासी मुलांसाठी. शाळेच्या गणवेशाचं काम आमच्याकडेच होतं.

मंजूनेही परीक्षा दिली. खासगी शिकवणी लावली, आईने उजळणी घेतली. ती थोडक्यात हुकली. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव तिचं.

त्याच आठवड्यात मापं घ्यायला चाळीस नावांची यादी दुकानात आली. शाळेचे कारकून सुकदेवभाऊ यांच्या हातची, प्रत्येक नावापुढे मार्क आणि शेरा. मुलं आईबापांसोबत एकेक करून येत होती. साक्रीकडच्या डोंगरातून लोटन नावाचा भिल आला, सोबत त्याची मुलगी रमती. पितांबरने टेप लावायच्या आतच तिने यादीकडे मान वाकडी केली आणि वाचायला लागली. "छत्तीस. रमती लोटन सोनवणे. जातीचा दाखला मिळाला."

"वाच माय, आखो एकदाव वाच," लोटन म्हणाला. तिने पुन्हा एकदा वाचलं. त्याने मान हलवली, जणू आता पटलं.

"शिकवलं कुणी हिला एवढं?" पितांबरने टाचण्या काढून विचारलं.

"मास्तर बजारना दिन येस. बाकीना दिन हाईच पोरेसले शिकाडस."

ते गेल्यावर कमलबाई आतून बाहेर आली. ती केव्हापासून पडद्याआड उभी होती. "आपली मंजूले तिन्हापेक्षा बावीस मार्क जास्त शेत. तरी ती मझार नि आपली भायेर. हाऊ कसा न्याय?"

पितांबरने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या. कमलबाई काही खोटं बोलत नव्हती. बावीस मार्क जास्त होतेच. रात्ररात्र जागून आईने ते मिळवून दिले होते, मला ठाऊक आहे. रमतीचे मार्क कुठून आले, तेही आत्ताच ऐकलं होतं: मास्तर फक्त बाजाराच्या दिवशी, बाकीचे दिवस पोरांना तीच शिकवायची. मी यंत्र. कापड किती लागेल ते मला कळतं, ह्यातलं कळत नाही.

मी चाळीस गणवेश शिवले. पांढरा सदरा, निळी विजार. मुलींना निळा पिनाफोर. मग एका दुपारी सुकदेवभाऊ सायकलवरून आले. चेहरा हसरा.

"पेढे काढा पितांबर! छत्तीस नंबर रद्द झाला. दाखलाच नाही तिचा. जागा प्रतीक्षा यादीला गेली, म्हणजे तुमच्या मंजूला."

"दाखला नाही?"

"फाईलला नाही. असेल कुठे पडला तर पडला, आता कोण शोधतो? आणि खरं सांगू, ही डोंगरातली पोरं टिकत नाहीत हो. दिवाळीला घरी गेली की परत येत नाहीत. जागा वाया जाते. तुमची मुलगी सोनं करील." ते सायकलवर बसता बसता म्हणाले, "आणि ती जुनी यादी द्या बरं परत."

"शोधून देतो," पितांबर म्हणाला. यादी माझ्याच खणात होती.

त्या दिवशी त्याने मंजूचं माप घेतलं. एकेचाळिसावं. नवीन कापड नव्हतं, म्हणून रमतीचा पिनाफोर उसवला, खांद्यात बारीक केला, खाली दुमड सोडली. गोष्टीतली यंत्रं अशा वेळी दोरा तोडतात, अडून बसतात. मी तसलं काही केलं नाही. त्याने पाय दाबला, मी शिवत गेले. कमलबाईने देवापुढे साखर ठेवली. मंजू आरशापुढून हलेना.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी ट्रंक बांधून तयार होती. रिक्षा यायची होती. तेवढ्यात लोटन आणि रमती दारात आले. रमतीच्या डोक्यावर पत्र्याची पेटी.

"दादा, गेटवर सांगं का दाखला नही," लोटन म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मी सोता दिन्हा व्हता. ओला व्हवाले नको म्हनीसन डबामा लयना व्हतू. कपडा तरी द्या, पोरगी रडी ऱ्हायनी."

रमती रडत नव्हती. ती मंजूकडे पाहत होती. पिनाफोरकडे.

पितांबरने माझा खण उघडला, घडी केलेली यादी काढली आणि मंजूला म्हणाला, "काढ माय ते."

मंजूने आईकडे पाहिलं. कमलबाई दारात आडवी झाली. "गयात ते मन्हासंगे बोलानं नही."

तो तिच्या शेजारून वाट काढून गेला. पुढे लोटन आणि रमती, मागे तो, बगलेत यादी. दुकानात मंजू पाठमोरी बसून बटणं काढत होती. एक निघेना, तेव्हा कमलबाईनेच ते काढून दिलं.

शाळेत काय झालं ते मी पाहिलं नाही. पितांबरने चार वाक्यांत सांगितलं तेवढं सांगते. यादीवरचा 'दाखला मिळाला' हा शेरा सुकदेवभाऊंच्याच अक्षरात, तो त्यांना नाकारता आला नाही. शाळेच्या मोठ्या साहेबांनी कपाट उघडायला लावलं. दाखला दुसऱ्याच मुलाच्या फाईलला टाचलेला निघाला. संध्याकाळपर्यंत रमतीला पलंग मिळाला, आणि तिचा पिनाफोरही.

सुकदेवभाऊंना कुणी काही बोललं नाही. गणवेशाचं काम मात्र पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात गेलं. कमलबाई पोळ्यापर्यंत नवऱ्याशी बोलली नाही; ताट वाढायची आणि आत निघून जायची. मंजू नगरपालिकेच्या शाळेत गेली, डी.एड. झाली, आता एरंडोलला मास्तरीण आहे. रमती दिवाळीला घरी गेली आणि परत आली, एवढं एका गिऱ्हाईकाकडून कळलं. पुढचं ठाऊक नाही. ती पुन्हा कधी दुकानात आली नाही, आणि यावं तरी कशाला?

आता तयार गणवेश मिळतात. पितांबरच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. परवा मंजू माहेरी आली होती. माझ्यावरची धूळ पुसता पुसता म्हणाली, "नाना, ती जागा गेली त्याचं मला काही वाटत नाही. तिचीच होती ती. पण तुम्ही मला विचारलं नाहीत, ते अजून लागतं."

पितांबर दाराकडे तोंड करून बसला होता. "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

ती खरं बोलली. "नाही म्हटलं असतं."

"म्हणून नाही विचारलं," तो म्हणाला. "अकरा वर्षांच्या पोरीच्या अंगावर ते टाकायचं नव्हतं."

मंजूने धुळीचं फडकं घडी करून ठेवलं आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसली. आतून कमलबाईने तीन कप चहा आणला.

मी थकले आहे. जे पाहिलं ते सांगून झालं. आता मला भंगारात द्या किंवा कोपऱ्यात राहू द्या, माझी तक्रार नाही.