सीलबंद कॅन

त्या दिवशी दुपारपर्यंत मी तिघांशी भांडले, आणि तिन्ही वेळा माझंच बरोबर आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

पहिलं भांडण डायलिसिसच्या सिस्टरशी. आईला आठवड्यातून तीनदा तिथे न्यावं लागतं. आधी वजन करतात, म्हणजे मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते कळतं. "पुन्हा तीन किलो जास्त," सिस्टर म्हणाल्या. "पाणी मोजून देता ना?" माझं डोकंच फिरलं. चहा धरून दिवसाला पाऊण लिटर, तेही मापाच्या पेल्याने! "माझ्यावर संशय घेण्याआधी तुमचा काटा तपासून घ्या," मी म्हटलं. आई खाली मान घालून चपला काढत राहिली. माझ्या तोंडाळपणाची तिला लाज वाटली असणार, असं मी धरून चालले.

आई चार तास मशीनवर असते. तेवढ्यात गाडीचं कूलंट बदलून घ्यायचं मी ठरवलं होतं. मागच्या महिन्यात आईला आणताना चढावर इंजिन तापून वाफा आल्या होत्या. आधीच्या गॅरेजवाल्याने सरळ नळाचं पाणी ओतलं होतं आणि रेडिएटरमध्ये क्षारांचा थर बसला होता. गाडी बंद पडली तर आईचं डायलिसिस चुकणार, आणि ते चुकलं तर काय होतं हे मी एकदा पाहिलंय. म्हणून या वेळी कूलंटमध्ये मिसळायला मी दहा दिवस आधीच डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन आणून स्वयंपाकघरात ओट्याखाली ठेवला होता.

"मेस्त्री, हेच पाणी वापरायचं. तुमच्या नळीला हात लावायचा नाही," गॅरेजमध्ये पोचताच मी बजावलं.

मेस्त्री शांत माणूस. जुनं कूलंट काढून झाल्यावर त्यांनी कॅनमधले दोन थेंब तापलेल्या काळ्या पत्र्यावर टाकले. थेंब सुकले आणि मागे पांढरी कडी उमटली.

"ताई, हे डिस्टिल्ड नाही. यात क्षार आहेत."

"मग तुम्ही बदललंत! मी फोनवर बोलायला बाहेर गेले होते, तेवढ्यात!"

"अहो, मी कशाला बदलू? बदललं असतं तर तुम्हाला दाखवलं असतं का? आणि याचं सील आधीच तुटलेलं होतं."

सील तुटलेलं! म्हणजे चोर दुकानदार होता. कॅन घेतला ते दुकान गॅरेजला लागूनच. मी कॅन त्याच्या काउंटरवर आदळला आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली. कॅनमध्ये नळाचं पाणी भरून विकता, लाज नाही वाटत? बिचारा लालबुंद झाला. त्याने नवा कॅन उचलला, माझ्यासोबत गॅरेजमध्ये आला, मेस्त्रींसमोर सील फोडलं आणि पत्र्यावर थेंब टाकले.

थेंब सुकले. पत्रा कोरा.

"तुमच्या घरी कोणी उघडला असेल," तो म्हणाला.

"घरी कोण आहे? आम्ही दोघीच तर..."

दिवसभर मी कामावर असते.

मेस्त्रींना नव्या कॅनमधलं पाणी भरायला सांगून मी परत गेले. आई खाटेवर पडून होती, हाताला दोन नळ्या, शेजारी मशीनची घरघर. तिची पावलं पांघरुणाबाहेर होती. टम्म सुजलेली. सकाळी चपला काढायला इतका वेळ का लागला, ते आत्ता माझ्या लक्षात आलं.

"आई, ओट्याखालचं पाणी तू प्यायलीस?"

तिने नजर छताकडे वळवली.

"रोज एक पेला. कधी दोन," ती म्हणाली. "तूच म्हणालीस ना, यात क्षार नसतात, काही नसतं. मला क्षारच नकोत ना? मग वाटलं, हे चालेल."

"अगं, पण पाणीच आहे ना ते! अंगात साठणारच! आणि कॅन भरलेला कसा?"

"नळाखाली धरून भरून ठेवत होते. तुझ्या गाडीला कमी पडायला नको."

मला भयंकर राग आला. तिचा आला, माझा आला. पेला मोजून हातात ठेवताना ती त्याच्याकडे कशी बघायची, ते मला रोज दिसत होतं. आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणत होते.

सिस्टर मशीनचा आकडा बघायला आल्या. "सिस्टर, तुमचा काटा बरोबर आहे," मी म्हटलं. "चूक आमच्याकडून झाली." त्यांनी मान हलवली आणि कुठलाही टोमणा न मारता नळी तपासली.

त्या गेल्यावर आईने माझं बोट धरलं.

"चव नव्हती गं त्याला काही," ती हळूच म्हणाली. "पण पेला भरलेला असायचा."