व्यसनमुक्तीवाल्यांचा लाल डोळा

खामगावच्या दवाखान्यात हृदयातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन नारायणरावांना झकास लागू पडलं. गाठ गेली, जाता जाता उजव्या डोळ्यात रक्त उतरवून गेली.

"या औषधानं होतं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "वरची लाली आपोआप जाईल. पण डोळ्यापुढे काळं तरंगायला लागलं, तर एक मिनिट घरी थांबायचं नाही. आत रक्त साचलं तर नजर जाईल." डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे सगळा कारभार उजव्याचाच.

डोणगावात परतताच त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, अटॅकची गोष्ट घरातच पुरली. रविवारी मेहकरचे पाहुणे लेकीला, सुचिताला, पाहायला येणार. बिमार बापाची पोरगी कोण करून घेतो?

लाल डोळ्याचं कारण गावानं परस्पर शोधलं. नारायणराव बावीस वर्षं शाळाशाळांतून दारूविरुद्ध व्याख्यानं देत आलेले. गावाची दिवाळीच झाली.

पाहुणे आले. मुलाचे वडील रामराव डोळ्याकडे बघून मायेनं हसले. "चालते जी. आमच्याकडंबी घेतात थोडी थोडी. घराणं निरोगी पाह्यजे, बस."

नारायणरावांनी तोंड उघडलं. कोकिळाबाईंनी फक्त पाहिलं. बावीस वर्षांची व्याख्यानं त्यांनी चहाबरोबर गिळली.

तेवढ्यात रामरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मुंग्या चढल्या. मुंग्यांच्या रांगा झाल्या, रांगांचा धूर. डॉक्टरांनी सांगितलेलं काळं ते हेच. पाहुणे जाईपर्यंत गप्प बसायचं, नारायणरावांनी ठरवलं. एक डोळा जाऊन एक जावई मिळत असेल, तर सौदा वाईट नव्हता.

सुचितानं पोह्यांची बशी पुढे केली. त्यांचा हात बशीच्या बाजूनं हवेत गेला.

"बाबा, दिसून नाही राह्यलं का तुमाले?"

"दिसते ना."

"बशी कुठं हाये?"

त्यांनी ठामपणे बोट दाखवलं. तिथे मुलाच्या आई, झुंबरबाई, बसल्या होत्या.

सुचितानं बशी खाली ठेवली. "पेत नाहीत आमचे बाबा. आठ दिवसाखाली अटॅक आला, त्याच्या इंजेक्शननं डोळ्यात रक्त आलं."

रामरावांच्या तोंडावरची माया उतरली. "अरेरे! त्यापरीस पेत असते तं बरं होतं," म्हणत ते उठले.

"उठलेच आहा, तं गाडी काढा," सुचिता म्हणाली. "मेहकरले डोळ्याच्या दवाखान्यात सोडा बाबाले. मीबी येते."

पोरीला नकार देता येतो; दारात गाडी उभी असताना तिला नाही म्हणायला कोणतं कारण सांगणार?

गाडी निघाली; चालवायला मुलगा, शेजारी सुचिता. मागे नारायणराव रामराव आणि झुंबरबाईंच्या मधोमध बसले. झुंबरबाईंनी हळूच त्यांच्या तोंडाचा वास घेतला आणि खट्टू होऊन नवऱ्याला म्हणाल्या, "खरंच पेत नाहीत हो."

मेहकर यायला अवकाश होता. नारायणरावांनी घसा साफ केला आणि दारूच्या दुष्परिणामांना पहिल्यापासून सुरुवात केली.