तराजूवरचा हात

गोराईच्या बंदरावर सुक्या मासळीची पोती तोलायचा एक मोठा तराजू होता. तो कधीच गेला. पण कुठेही वजनकाटा दिसला की अनुपमाला अजून पारड्यात उभा असलेला तांडेल आठवतो.

तांडेल म्हणजे तिच्या घरचा कुत्रा. होडी निघाली की सगळ्यांच्या पुढे नाळेवर, होडीच्या टोकाशी, जाऊन बसायचा, म्हणून वडिलांनी त्याला नावेच्या म्होरक्याचं नाव दिलं. शहाऐंशी साली तो म्हातारा झाला होता, आणि त्याच्या मागच्या पायांमध्ये रक्त गळणारी गाठ आली. बोरिवलीचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, पण हा प्रकार बरा होऊ शकतो. दर आठवड्याला एक इंजेक्शन.

"डोस वजनावर ठरतो. माझा काटा मांजरांपुरता. तुम्ही मासळीवाले, तोलूनच आणत जा. आणि खायला घाला. वजन फार उतरलं तर औषध थांबवावं लागेल."

हे शेवटचं वाक्य अनुपमाच्या आईनं, सगुणाबाईनं, पक्कं गाठीला बांधलं.

तांडेलच्या मिशा गळल्या. आवडीचा बोंबीलसुद्धा हुंगून तो तोंड फिरवू लागला. तरी तराजू दर खेपेला तेच सांगायचा, बावीस किलो. तिसऱ्या इंजेक्शननंतर तर तो दोन दिवस उठलाच नाही.

अनुपमा तेव्हा पार्ल्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. वर आलेल्या फासळ्या आणि बावीस किलो यांचा मेळ तिला बसेना. पुढच्या खेपेला ती वजनांकडे न बघता आईकडे बघत राहिली. तांडेल हलू नये म्हणून सगुणाबाई त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला गोंजारत असे. आज त्या हाताची नखं पांढरी पडली होती.

"आये, हात काढ."

"तो हलतो गो."

"तू दाबतेस."

सगुणाबाई उसळली, "मग काय करू? वजन उतरलं तर डाक्टर थांबवेल. मरू देऊ त्याला?"

"तू जास्त वजन सांगतेस, ते जास्त औषध भरतात. ते औषध जास्त झालं की विष होतं, आये. म्हणून तर तो उठला नाय."

चटका बसावा तसा सगुणाबाईनं हात मागे घेतला. त्याबरोबर तांडेल पारड्यातून उतरला. पुन्हा चढवला, पुन्हा उतरला. तिच्या हाताशिवाय तो उभाच राहीना.

"तूच बस त्याला घेऊन," अनुपमा म्हणाली. "मग तुला एकटीला तोलू आणि वजा करू."

सगुणाबाईनं आपलं वजन नवऱ्यालाही कधी कळू दिलं नव्हतं. तिनं पदर खोचला, तांडेलला उचललं आणि पारड्यात बसली.

बंदरावरची माणसं गोळा झाली. वजनं लावणारा गुणाजी ओरडला, "काय गो सगुणाबाय, तुझी तुला करतात काय? नारळ आणू?"

"आण ना! तुझ्या बापानं ठेवले असतील तर!"

मग तांडेलला उतरवलं. ती एकटी बसून राहिली, खाडीकडे बघत. गुणाजीनं तिचं वजन मोठ्यानं सांगितलं. सगळे हसले. अनुपमानं मनात वजाबाकी केली. साडेअठरा.

दवाखान्यात अनुपमा बोलायच्या आत सगुणाबाईच म्हणाली, "आधीची वजनं खोटी होती, डाक्टर. मी दाबत होते."

डॉक्टर तांडेलच्या फासळ्यांवरून बोटं फिरवत राहिले. "आज इंजेक्शन नाही."

सगुणाबाईनं तांडेलला कवटाळलं आणि ती रडू लागली.

"जास्त औषधानं रक्त उतरलं असेल, ते सुधारू दे. पुढच्या वेळी बेतानं देऊ. थांबवत नाहीये, बाई. रडू नका."

गाठ हळूहळू सुकून गेली. मिशा परत आल्या, पांढऱ्याशुभ्र. नारळी पुनवेला होडी निघाली, तेव्हा तांडेलला उचलून ठेवावं लागलं, पण तो नाळेवर बसला.

त्यानंतर बाजारात कुणी गिऱ्हाईक काट्याकडे संशयानं बघू लागलं, की सगुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणायची, "माझ्या मापावर शक घेऊ नको गो. मना अख्ख्या गावानं तोलून बघितलंय."