‘पेक्षा लहान’नंतरचं सगळं

मंगळवारी दुपारी जेवून परत आलेल्या सुधन्वा बारबोलेला दिसलं, की ऑफिसातलं सगळं उजवीकडे कललं आहे. इमारत सरळ होती, जिना सरळ होता. कपाटं, खुर्च्या आणि टेबलामागे उभे असलेले भांडगेसाहेब मात्र एकाच कोनात तिरपे होते, आणि पडत कुणीच नव्हतं. जारमधलं पाणीसुद्धा तिरपं उभं होतं.

"असा वाकडा का उभा आहेस?" भांडगेसाहेबांनी त्याला विचारलं.

"जेवण जरा जास्त झालं," असं म्हणून सुधन्वाही कलला.

बार्शीतल्या या लहानशा कंपनीचं काम एकच होतं. ‘गावफळा’ नावाचं वेबपान चालवायचं. गावातल्या कुणीही त्यावर काहीही लिहावं आणि ते साऱ्या गावाला दिसावं. आता वेबपानाच्या भाषेत दोन टोकदार कंसांच्या मधे जे असतं तो मजकूर नसतो, हुकूम असतो. अक्षर तिरपं कर, ठळक कर, लपव. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी फळ्याला देणंघेणं नाही, कंस दिसला की तो हुकूम पाळतो. अलीकडे फळ्याबरोबर ऑफिसही पाळायला लागलं होतं. कुणीतरी मंगल कार्यालयातल्या जिलबीवर तिरप्या अक्षरांत टीका केली होती आणि तिरपेपणा संपवायचा राहून गेला होता. सुधन्वानं तो संपवला, तसं ऑफिस सरळ झालं.

मग कुणाच्या तरी शुभेच्छांमुळे भांडगेसाहेब ठळक झाले. त्यांचा आवाज ठळक झाला, मिशी ठळक झाली. ते त्यांना आवडलं, म्हणून तो हुकूम तसाच राहू दिला.

सुधन्वाचे वडील रोज तिथं यायचे. बारबोले सर म्हणून गाव त्यांना ओळखायचं, गणित शिकवून निवृत्त झाले होते. बायको गेल्यापासून त्यांना घरात करमत नसे. ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, फळ्यावर मुलांसाठी एक कोडं घालायचे आणि उत्तरं येतील तशी वाचत राहायचे. दिवसभरातलं त्यांचं बोलणं बहुतेक तेवढंच.

बुधवारी त्यांनी कोडं लिहिलं. त्यात इंग्रजी एक्स होता, त्यापुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आणि त्याला चिकटून वाय. ‘पेक्षा लहान’चं चिन्ह म्हणजे दिसायला उघडा टोकदार कंसच. फळ्याला वाटलं, हुकूम सुरू झाला. चिन्हापुढचं सगळं त्यानं गिळलं आणि हुकूम कधी संपतोय याची वाट पाहत तो बसला.

"सुधन्वा, मला जरा..." सर म्हणाले आणि थांबले.

सुधन्वानं वळून पाहिलं. खुर्चीत वडील नाकाच्या शेंड्यापर्यंत होते. डावा डोळा होता, डावा खांदा होता, चष्म्याची एक काच होती. पुढे काही नव्हतं. रक्त नव्हतं, कापल्यासारखंही काही नव्हतं. वाक्य संपावं तसे ते तिथं संपले होते.

"अण्णा, दुखतंय का?"

"नाही रे. तो पंखा..." ते म्हणाले. मग डाव्या डोळ्यानं मुलाकडे बघत हळू आवाजात, "तुझी आई गेली तेव्हा मला..."

त्यांच्या उजवीकडची खिडकी गेली होती. फळ्यावर त्यांच्यानंतर आलेला मजकूरही गेला होता, रक्त हवंय म्हणून सांगणारा, हरवलेल्या शेळीचा, कुणाच्या तरी बारशाचा. बघता बघता त्या बाजूची भिंत आत सरकायला लागली. सुधन्वाचं टेबल साहेबांच्या टेबलाला येऊन टेकलं.

भांडगेसाहेब म्हणाले, "चिन्ह खोड. त्याच्यापुढचं सगळं काढून टाक. उद्यापासून फळ्यावर ते चिन्ह बंद."

"आणि अण्णांचं उरलेलं?"

"जेवढे आहेत तेवढे राहतील की." ते निर्दयपणे बोलले नाहीत. भिंत त्यांच्या कोपरापाशी आली होती.

सुधन्वानं कुर्डुवाडीला शमीम तांबोळीला फोन लावला. त्याला हे काम तिनंच शिकवलं होतं. ती मिळेल त्या एसटीनं आली, चपला दाराबाहेर काढल्या आणि अंग चोरून भिंत आणि कपाट यांच्या मधून सरांपर्यंत पोचली. खूप वेळ तिनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. सुधन्वाला तिचं हे पाहणं नेहमीच आवडायचं. ती घाई करत नसे, आणि समोर कितीही बिघडलेलं असो, तिच्या चेहऱ्यावर कंटाळा येत नसे.

"सर कुठंही गेले नाहीत. फळा त्यांना हुकूम समजून बसलाय, एवढंच," ती म्हणाली.

"खोडू या ना मग," साहेब म्हणाले.

"नाही. माणसानं लिहिलं ते त्याचं. आपण एका अक्षरालाही हात लावायचा नाही. दाखवताना मात्र चिन्हाच्या जागी चिन्हाचं नाव सांगायचं. नाव ऐकलं की फळा चिन्ह काढून दाखवतो, पण त्याचं ऐकत नाही."

ती सरांच्या डाव्या कानाशी वाकली. आधी तिनं इंग्रजीत ‘आणि’साठी लिहितात त्या चिन्हाचं नाव घेतलं. सगळ्या नावांची सुरुवात त्याच चिन्हानं होते, ते मागाहून घेतलं असतं तर आधी घेतलेली नावंच मोडली असती. मग उघडा कंस, मग मिटलेला, मग दोन्ही जातींची अवतरणचिन्हं. आवाज न चढवता, एकही न गाळता ती बोलत होती, आणि सुधन्वा श्वास रोखून ऐकत होता. इतकं नीटनेटकं काम त्यानं दुसऱ्या कुणाचं पाहिलं नव्हतं.

भिंत मागे गेली. खिडकी आली. सरांचा उजवा खांदा आला, मग कान, मग दुसरी काच. आणि अडलेली वाक्यं ज्या क्रमानं गेली होती त्याच क्रमानं बाहेर पडली.

"...पाणी दे. ...बंद कर. ...असंच अर्धं वाटलं होतं, पण तू परीक्षेत होतास, म्हणून बोललो नाही."

सुधन्वानं पाणी आणलं, पंखा बंद केला. तिसऱ्या वाक्याचं काय करायचं ते त्याला कळेना. तो वडिलांच्या खुर्चीशी जमिनीवर बसला आणि त्यांचा नुकताच आलेला उजवा हात धरून राहिला. फळ्यावर कोडं पूर्ण उमटलं होतं, चिन्हासकट. कुणीतरी उत्तरही पाठवलं होतं, चुकीचं. सर हसले.

"आणखी एकदा करा. म्हणजे दुप्पट सुरक्षित," भांडगेसाहेब म्हणाले, आणि शमीमनं नको म्हणेपर्यंत त्यांनी तेच पुन्हा करायचं संगणकावरचं बटण दाबलं.

आता नावांचीच नावं घेतली गेली. कोड्यातलं चिन्ह गेलं आणि तिथं त्याचं नाव उघडं पडलं. सरांच्या नाकावर ‘चष्मा’ असा शब्द बसला. टेबलामागे साहेबांच्या जागी ठळक अक्षरांत ‘भांडगे’ उभं होतं, आणि त्यातली मात्रा नसलेली अक्षरं घाबरलेली दिसत होती.

शमीमनं नावांचा वरचा एक थर उलगडला. साहेब परत आले आणि खाली बसले.

"एकदाच करायचं. तेही अगदी बाहेर पडताना. आत असताना जो तो जसा आहे तसाच राहू दे," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं दारात स्टूल ठेवलं आणि त्यावर बसली. साहेब तिच्यासमोरून गेले, तिनं त्यांची चिन्हं नावांनी बांधून दिली आणि ते धडपणे जिना उतरले. मग सर आले.

"पोरी, खिडकीतून गेलो असतो तर?" त्यांनी कुतूहलानं विचारलं.

"तिथली नावं वेगळी असतात, सर. दाराची खिडकीला चालत नाहीत. मी आधी विचारलं असतं, कुठून जाताय."

"शाबास," सर म्हणाले. वर्गात ते हा शब्द क्वचितच वापरायचे. ते खाली उतरून रस्त्यावर मुलाची वाट पाहत उभे राहिले, सगळेच्या सगळे.

शमीम स्टुलावरून उठली. "आता मी. बस तू."

सुधन्वा स्टुलावर बसला. ती त्याच्यासमोर स्वस्थ उभी राहिली.

"सावकाश बघ. घाई नाही," ती म्हणाली.

त्यानं पाहिलं. तिच्या डाव्या खांद्यावर उघडा कंस होता, उजव्या खांद्यावर मिटलेला. आणि त्यानं नावं घ्यायला तोंड उघडलं तेव्हा दोन्हींच्या मधे, ओढणीच्या कडेनं, बारीक अक्षरांत काय हुकूम लिहिला आहे ते त्याचे डोळे वाचायलाही लागले होते.